सोळा ससे

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतींनाही ठाऊक होतं. काशीरामला तर सगळ्यांत जास्त, कारण तो बहुतेक वेळा त्याच्यावरच निघायचा.

साल त्रेसष्ट. पनवेलबाहेर, पळस्प्याच्या रस्त्याला आमची छोटीशी प्रयोगशाळा. मी अर्धांगवायूवरच्या एका औषधावर काम करत होते. सशाच्या मेंदूतली रक्तवाहिनी बंद करायची, औषध द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी मेंदूचा किती भाग मेला ते मोजायचं. ससा अर्थातच जगत नसे. सशांची देखभाल काशीराम करायचा. पन्नाशीचा आगरी माणूस, जवळच्याच गावचा. त्याची बायको जनी दोन वर्षं उजव्या अंगानं लुळी होती, त्यामुळे मी काय शोधतेय हे त्याला माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी ससा नेला की त्या दिवशी त्याचा डबा तसाच घरी जायचा.

आकडे मात्र जुळेनात. एका सशाचा मेंदू निम्मा गेलेला, दुसऱ्याचा जेमतेम. औषधाचा गुण म्हणावा की योगायोग? आमचे प्रमुख म्हणाले, "आणखी साठ ससे मागवा." पहिल्या खेपेला ट्रकनं सोळा आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टेबल मांडून बसले, तर काशीराम रिकाम्या हातानं आला.

"आज नाय देनार, बाई."

ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला जमत नसे. "नवा बैल घरी आनला का आमी लगेच जू लावीत नाय. एकाच मानसानं चारा घालायचा, पाठीवर हात फिरवायचा. घरचा झाला का मग काम. तुमी तर ट्रकातून उतरवला का टेबलावर. छाती कशी धडधडते, आमच्या हाताला लागते ना!"

"डॉक्टर मी की तुम्ही?" मी ओरडले. बोलताच लाज वाटली, पण शब्द मागे घेतला नाही. पिंजऱ्यांची किल्ली त्याच्या कमरेला होती. आठ दिवस मी धुसफुसले, आणि तो एकेकाला मांडीवर घेऊन गवत भरवत बसला.

नवव्या दिवसापासून त्यानं आठ ससे आणून दिले. औषध दिलेल्या चौघांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले, आणि न दिलेल्या चौघांचेही, की मी चष्मा पुसून पुन्हा मोजले. औषधाचा गुण स्पष्ट दिसत होता. घाबरलेल्या जनावराचं रक्त वेगळं धावतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तिथेच ठेवलं होतं. नव्यानं गणित मांडलं. साठ नकोतच, आलेले सोळा पुरेत.

मी धावतच पिंजऱ्यांकडे गेले. "काशीराम, चव्वेचाळीस वाचले! मागणीचा कागद फाडला मी. आणि त्या दिवशी बोलले, ते चुकलं माझं."

तो तोंडभर हसला. "जनीला सांगतो," म्हणाला. माझ्या वडिलांइतकीच माया मला त्या क्षणी त्याच्याविषयी वाटली. म्हणूनच म्हणाले, "उरलेले आठ आपला शिपाई गणू आणून देईल. तुम्ही थोडे दिवस घरी राहा. तुम्हाला नको हे बघायला."

त्यानं पिंजरा उघडला. एक ससा आपणहून त्याच्या हातात आला.

"नाय, बाई. परका हात लागला का बावरतील. आकडे चुकतील, मग तुमाला आनखी आनावे लागतील." त्यानं सशाचे कान हळूच पाठीवर बसवले. "आमीच आनतो."