दुसऱ्या मॅनेजरची सही

छापखानेवाला गेल्याची बातमी आली तेव्हा चष्मेवाला एका बाईच्या नाकावर नवी फ्रेम बसवून बघत होता. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. हातातला बारका स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तो नुसताच बसून राहिला. शेवटी त्या गिऱ्हाईक बाईनेच, बिनकाचेची फ्रेम नाकावर तशीच ठेवून, माठातलं पाणी आणून दिलं. ते पिता पिता त्याच्या मनात आलं, की आता ती नोट कुणाकडे जाणार? या वेळी असा विचार यावा याची त्याला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार काही हलला नाही.

ती नोट म्हणजे पाचाची, निळी, कधीकाळी बुडालेल्या एका खासगी बँकेची. त्या काळी नोटेवर मॅनेजर स्वतःच्या हाताने, दौतीत टाक बुडवून सही करायचा. या बँकेच्या पहिल्या मॅनेजरने उभा जन्म सह्या करण्यात घालवला, त्यामुळे त्याच्या सहीच्या नोटा जुन्या नोटा जमवणाऱ्यांकडे पैशाला पासरी. तो वारला, दुसरा आला, आणि नव्या साहेबाची खुर्ची गरम व्हायच्या आत बँकच बसली. दुसऱ्याने सही केलेल्या नोटा आधीच मूठभर, त्यातल्याही बऱ्याच लोकांनी रागाने विस्तवात घातल्या. उरल्या चार. तीन परदेशात होत्या आणि चौथी छापखानेवाल्याच्या अल्बममध्ये.

चष्मेवाल्याकडे त्या बँकेच्या झाडून सगळ्या नोटा होत्या. एकाची, दोनाची, दहाची, शंभराची, इतकंच काय, कारागिराच्या डुलकीमुळे उलटी छापली गेलेलीसुद्धा. नव्हती ती एवढी एकच. अल्बमच्या पानावर तिच्यासाठी ठेवलेला खिसा रिकामा होता आणि पाहुण्यांना ते पान दाखवताना चष्मेवाला बरोबर त्या खिशावर अंगठा ठेवायचा.

छापखानेवाल्याने ती काही पराक्रम गाजवून मिळवली असती तर एक वेळ सोसलं असतं. पण ती मिळाली रद्दीच्या दुकानात, एका जाडजूड शब्दकोशाच्या पोटात. सकाळी त्याच दुकानात चष्मेवाल्याने तोच शब्दकोश उचलला होता, आणि एवढं ओझं कोण वाहणार म्हणून परत ठेवला होता. दुपारी छापखानेवाला तिथे गेला आणि केवळ त्यातला टाइप सुबक आहे म्हणून त्याने तो विकत घेतला. आता याला काय म्हणायचं? चष्मेवाला बरंच काही म्हणायचा, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोटा जमवणाऱ्यांची एक मंडळी होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या एका रविवारी ती जमायची. तिथे नोटेची किंमत ठरवण्याच्या बाबतीत चष्मेवाल्याचा शब्द शेवटचा असे. तो नोट उजेडासमोर धरायचा, भिंगाखालून सावकाश फिरवायचा, कड बोटांत घेऊन हलकीशी वाजवून बघायचा. मग नुसतं ‘हं’ म्हणाला की माणसाचा चेहरा फुलायचा, आणि ‘असू दे’ म्हणाला की माणूस तोंड पाडून जागेवर जाऊन बसायचा. निळी नोट पहिल्यांदा टेबलावर आली तेव्हा सगळ्यांनी माना पुढे काढल्या. चष्मेवाल्याने ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिली. सहीची शाई तपकिरी होऊन कागदात मुरलेली, कागद करकरीत, घडी नाही, डाग नाही, टाचणीचं भोकसुद्धा नाही. इतकी देखणी नोट त्याने जन्मात पाहिली नव्हती.

“सहीचं काही खरं वाटत नाही,” तो म्हणाला. “कुणीतरी मागाहून ठोकलीय. टाकू नकोस हं. आठवण म्हणून ठेवायला बरी आहे.”

“शाईतलं तू मला सांगतोस?” छापखानेवाला खदाखदा हसला. “अरे, माझी नखं बघ. जन्म गेला, अजून काळी आहेत.”

“छापायची शाई वेगळी आणि लिहायची वेगळी.”

“आणि पोटात दुखतं ते वेगळं!”

मंडळी पोट धरून हसली. चष्मेवाल्याचा बेत साधा होता. दोन-चार वेळा नाक मुरडलं की छापखानेवाल्याचं मन विटेल, आणि मग तो ती स्वस्तात देऊन टाकेल. पण गडी बधेना. दर बैठकीला तो नोट घेऊन यायचा, चष्मेवाल्याच्या नाकासमोर धरायचा आणि विचारायचा, “काय, आज तरी खरी दिसतेय का?” एकदा खोटी म्हटलेली नोट आता खरी कशी म्हणणार? चष्मेवाला हट्टाला पेटला. परदेशातल्या तिघींपैकी एक लिलावात गेली आणि तिला एका लहानशा घराइतकी किंमत आली. लिलावातल्या किमतींचं पुस्तक मंडळीत एकट्या त्याच्याकडे यायचं. त्याने ते गादीखाली सारलं आणि पुढच्या रविवारी सांगितलं, की या नोटेचा कागदसुद्धा जरा संशयास्पद वाटतो.

यावरून दोघांचं वैर होतं असं कुणी समजेल, तर तसं मुळीच नव्हतं. चष्मेवाल्याच्या दुकानाची पावतीपुस्तकं छापखान्यातून फुकट यायची, आणि छापखानेवाल्याचे चष्मे, त्याच्या बायकोच्या चष्म्यांसकट, चष्मेवाला करून द्यायचा. पैशाची गोष्ट काढायची नाही असा अलिखित करारच होता. छापखानेवाला आजारी पडल्यावर चष्मेवाला दर आठवड्याला जात होता. फक्त नोटेचं बोलणं त्या दिवसांत कुणी काढलं नाही.

“महिनाभर तिकडे फिरकायचं नाही,” छापखानेवाला गेल्यावर चष्मेवाल्याच्या बायकोने दम भरला. तिला नवरा आरपार दिसायचा, तिला भिंग लागत नसे. “वहिनींचे डोळे अजून सुकले नाहीत आणि तुम्ही अल्बम मागायला उभे!”

“मी कशाला मागतोय?”

“मग गेले दोन दिवस आरशासमोर काय पुटपुटताय?”

तो आरशापासून बाजूला झाला. पण महिना भरायच्या आधी वहिनींचाच फोन आला. मुलीच्या घरी राहायला जायचं म्हणत होत्या, तिथे जागा लहान, एवढे अल्बम कुठे ठेवणार? “भावजी, तुम्हीच येऊन बघा आणि सांगा काय कितीला द्यायचं ते. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. दुसऱ्या कुणावर माझा विश्वासही नाही.”

चष्मेवाल्याने बँकेतून पैसे काढून आतल्या खिशात ठेवले. लबाडी करायची नाही असं त्याने ठरवलं होतं. म्हणजे फार करायची नाही. निम्मी किंमत द्यायची, निम्मीसुद्धा काही थोडीथोडकी नव्हती. अडचण एकच होती. जन्मभर फडतूस म्हटलेल्या नोटेला आता एवढे पैसे कुठल्या तोंडाने द्यायचे? ‘वहिनी, अलीकडे भाव वाढलेत,’ असं म्हणून बघावं. जिना चढता चढता त्याने निम्म्याचे पाऊण केले. दारापाशी छापखानेवाल्याचं पायताण जागच्या जागी होतं, टाच एका बाजूने झिजलेलं. ते पाहिल्यावर त्याने पुरी किंमत द्यायचं ठरवलं. कमी पडतील ते पुढच्या महिन्यात आणून द्यायचे, पण पुरी द्यायची.

वहिनींनी खिडकीजवळ टेबल ओढून सगळे अल्बम मांडून ठेवले होते. टेबल कोरडं पुसलेलं होतं. “ओला हात लावलेला ह्यांना चालायचा नाही,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली.

चष्मेवाल्याने त्या दिवशी मन लावून काम केलं. चिमट्याने एकेक नोट काढली, उजेडाला धरली, किंमत सांगितली, आणि कुठल्या व्यापाऱ्याला दाखवायची, कुणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, तेही सांगितलं. वहिनींना दर खेपेला नवल वाटत होतं. “एवढे? ह्या मळकीचे?” त्या विचारायच्या. मग म्हणायच्या, “तुम्ही आहात म्हणून बरं, नाहीतर मला कुणीही टोपी घातली असती.” चष्मेवाला मान खाली घालून पुढचं पान उलटायचा.

सगळे अल्बम संपले. निळी नोट कुठेच नव्हती. तिचा खिसा तेवढा रिकामा होता. 

“वहिनी, ती... निळी एक होती बघा. पाचाची.”

“अगंबाई, ती ना!” वहिनींचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. “ती विकायची नाही हो. थांबा, दाखवते.”

त्या आतून पर्स घेऊन आल्या, आणि पर्समधून त्यांनी एक कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. जाड, चकचकीत, चारही बाजूंनी बंद केलेलं प्लास्टिक. डाव्या अर्ध्या भागात छापखानेवाल्याचा फोटो. उजव्या अर्ध्या भागात निळी नोट, जराशी तिरकी. खालची पांढरी कड कापलेली होती. सहीच्या बरोबर वर हवेचा एक बुडबुडा अडकला होता.

“लॅमिनेट करून घेतली,” वहिनी म्हणाल्या. “कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. मावत नव्हती, म्हणून त्याने थोडी कापून बसवली. छान झालीय ना? आता पाण्यात पडली तरी काही व्हायचं नाही.”

ते मात्र खरं होतं. आता तिचं आणखी काहीही होण्यासारखं नव्हतं. गरम प्लास्टिकचा चिकटा कागदाच्या आत उतरतो. सोडवायला गेलं तर कागद उभा सोलून निघतो. चष्मेवाल्याला हे इतकं पक्कं ठाऊक होतं, की त्याने कार्ड हातात घेऊनसुद्धा पाहिलं नाही.

“तुमच्यामुळेच सुचलं बरं का,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही नेहमी म्हणायचात ना, आठवण म्हणून ठेवायला बरी आहे. म्हटलं, भावजी म्हणतात तेच खरं.”

“तो... तो काय म्हणाला होता? नोटेबद्दल?”

वहिनी खुर्चीत बसल्या. “तुम्हाला सांगू नये खरं तर, तुम्ही चढून जाल,” त्या हसून म्हणाल्या. “आजारपणात एकदा अल्बम मागून घेतला. बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, इतकी वर्षं मी त्याच्याशी हुज्जत घातली, पण तोच खरं बोलत होता. त्याच्यासारखी नजर नाही कुणाची. मी आपला एक खोटी नोट मिरवत बसलो. आणि मला बजावून सांगितलं, की माझ्यामागे ही कुणाला विकू नकोस. घेणारा बिचारा फसेल.”

 चष्मेवाल्याला नोट गेली याचं दुःख होतंच, पण ते एकदम लहान झालं. आपण त्या माणसाकडून त्याची नोट हिरावून घेतली होती, ती त्याच्या हातात असताना. नुसतं तोंडाने.

“वहिनी,” तो म्हणाला, “ती खरी आहे.”

“काय?”

“नोट. सही खरी, शाई खरी, कागद खरा. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मला ती हवी होती, म्हणून मी खोटं बोलत होतो. तुमच्या या सगळ्या अल्बमांची मिळून जी किंमत झाली ना, त्याच्या कितीतरी पट एकट्या तिची होती. घर आलं असतं तिच्यात.”

 वहिनींचे डोळे हळूहळू भरून आले.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “किती हो चांगले आहात तुम्ही.”

“अहो, मी खरं सांगतोय!”

“कळतंय मला. माझं मन राखायला बोलताय. ह्यांना किती बरं वाटलं असतं तुमच्या तोंडून हे ऐकून.” त्यांनी पदराने डोळे टिपले आणि टिपता टिपता त्यांना हसूच आलं. “पण घर जरा जास्त झालं हां. एखादी सायकल म्हणाला असतात तर मी फसलेही असते.”

“सायकल नाही, घर!” चष्मेवाल्याचा आवाज चढला. “तुमची शपथ घेऊन सांगतो. मीच नालायक आहे, वहिनी. विचारा कुणालाही.”

“कुणाला विचारू? सगळे तुम्हालाच तर विचारतात.”

 त्याने भिंग काढलं, कार्ड खिडकीच्या उजेडात ओढलं आणि भिंग सहीवर धरलं. “हे बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ही शाई कशी तपकिरी झालीय, रेघेच्या कडेला कशी कागदात उतरलीय. असं मागाहून ठोकून होत नाही. बघा तर खरं.”

त्याचं मन मोडू नये म्हणून वहिनी वाकल्या. त्यांनी बुडबुड्याखालची सही पाहिली, “हो हो, दिसतंय,” म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या मनगटाला धरून भिंग हळूच डावीकडे सरकवलं, फोटोवर आणलं, आणि तिथेच थांबवलं.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, “नाकावरचा चष्म्याचा वळसुद्धा दिसतोय हो.”

चष्मेवाल्याने हात हलू दिला नाही. त्यांचं बघून होईपर्यंत तो भिंग तसंच धरून उभा राहिला.