झाकण कुणी लावलं?

मी बरणी बोलतेय. आवाज जरा कोंडल्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या. आयुष्यातला बराच काळ तोंड बंद ठेवण्यात गेलाय.

माझा जन्म कुठल्याशा काचेच्या भट्टीत झाला. तिथलं फारसं आठवत नाही, गरम होतं एवढंच. नीट आठवायला लागतं ते सिल्लोडपासून, बद्रीनाथशेठच्या किराणा दुकानातून. माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. शेठ गिऱ्हाइकाशी बोलत, रस्त्याकडं बघत, एका हातानं माझं पत्र्याचं झाकण फिरवायचे. अर्धा आटा उघडायला, अर्धा आटा लावायला. माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. मला वाटायचं, हात म्हणजे असाच असतो. सांगायच्या आत फिरतो.

मग दुकानात प्लास्टिकच्या बरण्या आल्या. पडलं तरी फुटत नाही, एवढ्या एका गुणावर त्यांना माझी जागा मिळाली. मला केसरबाईंनी मागून नेलं. दर उन्हाळ्यात, भीमजयंतीची मिरवणूक झाली आणि बाजारात कैऱ्या उतरल्या, की त्या माझ्यात लोणचं भरायच्या. भरायच्या त्या आणि झाकण लावायचे त्यांचे मालक, सर्जेराव. सर्जेराव जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी आवळायच्या कामावर आहेत. त्यांना कुठलीही गोष्ट नुसती बंद करता येत नाही.

या दोघांची मुलगी करुणा. बी.एस्सी. झालेली आणि दचकणारी. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, फोन वाजला की दचकायची, आपणच लावलेल्या फोनवर समोरचा बोलला तरी दचकायची. गेल्या वर्षी सकाळी उठल्यावर तिची बोटं मिटेनात. मिटली की उघडेनात. मनगटं सुजली. दिवसभर काही न करता ती अशी दमायची, की सर्जेराव म्हणायचे, "गाठी आम्ही बांधतो आन् घाम हिला येतो."

शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. केसरबाईंना ते झेपेना, म्हणून म्हणाले, "मराठीत आमवात म्हणतात, मावशी."

तिथंच घोळ झाला. घरी येऊन केसरबाईंनी सगळ्यात आधी टोपलीतले आंबे शेजारी वाटून टाकले.

"आई, आम म्हणजे आंबा नाही," करुणा म्हणाली. "आयुर्वेदात आम म्हणजे न पचलेलं अन्न. आणि हा आजार त्यानंही होत नाही. शरीराचं स्वतःचं सैन्यच स्वतःच्या सांध्यांवर..."

"आम म्हंजे आंबा नाय? मग बागवान गाडीवर काय वरडतो? आम, मीठे आम. त्यो काय न पचलेलं अन्न इकतो?"

करुणानं मोबाइलवर चित्रं दाखवून पुष्कळ समजावलं. केसरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आंबे परत आणले नाहीत. मला मात्र हात लावला नाही. लोणच्यातल्या आंब्याचा दोष मीठ मारतं, असा त्यांचा स्वतःचा शोध होता.

पुढं करुणाला शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. तपासणी विभाग. पहिले काही महिने उमेदवारी, मग कायम करायचं का ते साहेब ठरवणार. घरात चर्चा झाली. सर्जेराव म्हणाले, "हात चालले तर ऱ्हा तिथं. नाय चालले तर गुमान घरी यायचं. परक्या गावात कोण बघंल?" करुणानं मान डोलवली. जाताना केसरबाईंनी मला काठोकाठ भरलं. प्रवासात सांडू नये म्हणून तोंडावर प्लास्टिकचा कागद ठेवला, आणि सर्जेरावांनी वरून झाकण लावलं. मुलगी घर सोडून चालली होती. त्यांनी जेवढा जीव होता तेवढा लावला.

शहरात, मुकुंदवाडीत एक खोली, ओट्यावर मी आणि करुणाबरोबर राहायला फर्दापूरची दीपमाला. दीपमाला पोलीस भरतीची तयारी करायची. पहाटे पळायला जायची, येऊन दंड काढायची आणि नळ असा बंद करायची की पुढच्या माणसाला भरतीत उतरल्यासारखं वाटावं. स्वभावानं चांगली. फक्त तिची मावशी सिल्लोडला केसरबाईंच्याच गल्लीत राहायची. दीपमालाला कळलं की सिल्लोडला कळलं.

पहिल्याच संध्याकाळी करुणानं माझ्या झाकणावर हात ठेवला. मी तो हात ओळखला. आत गरम, बाहेर सुजलेला, आणि पकड अशी की फुलपाखरू बसलंय. झाकण हललं नाही. दुसऱ्या दिवशी ओढणी गुंडाळून झालं. गरम पाणी ओतून झालं. दीपमाला पळायला गेलेली असताना दाराच्या फटीत माझं डोकं अडकवून मला फिरवून झालं. झाकणाला पोचा पडला. आट्यांत तेल-मीठ सुकून ते आणखीच बसलं.

आता एक गोष्ट सांगते, जी मला ओट्यावर बसून कळली. करुणा बऱ्या दिवशी मला हात लावायची नाही. ज्या सकाळी बोटं हलकी असायची, त्या सकाळी ती माझ्याकडं न बघता भाकरी बांधून कंपनीच्या गाडीला पळायची. दुखणं उसळलेलं असलं की मात्र यायची आणि झाकण पिळून बघायची. मला आधी हे उलटं वाटलं. मग लक्षात आलं. वाईट दिवशी नाही उघडलं तर 'आज दुखतंय' म्हणता येतं. बऱ्या दिवशी नाही उघडलं, तर काय म्हणायचं?

ती गाडीच्या वेळेच्या फार आधी उठायची. कामाला नाही, बोटांना जाग यायला वेळ लागायचा म्हणून. कोमट पाण्यात हात बुडवून बसायची, कुणाची तरी वाट बघत बसावं तशी. संध्याकाळी आली की चपला पायात तशाच ठेवून पलंगावर आडवी. झोप नाही. झोपेनं जाणारा थकवा तो नव्हताच.

"किती लोळती गं तू," दीपमाला म्हणायची. "मी दहा चकरा मारून आले तरी एवढी दमत नाय. चल उद्या संगट. अंग मोकळं होतंय."

"उद्या बघू," करुणा म्हणायची. ज्या गोष्टी कधीच होणार नव्हत्या, त्या सगळ्या ती उद्यावर टाकायची.

दीपमालाचा डोळा माझ्यावर होताच. नुसत्या वरणभातावर किती दिवस काढणार? एकदा ती म्हणाली, "काय गं, हे लोणचं खायाला हाय का देखाव्याला?"

करुणा दचकली. "अजून... अजून मुरायचंय."

"अजून?"

"आई म्हणाली, भरपूर मुरू दे."

"मुरून मुरून त्याला पेन्शन लागंल," दीपमाला म्हणाली आणि पुन्हा तिनं विषय काढला नाही. पण करुणा चिकट आहे असं तिनं मनाशी ठरवलं. तिच्या ताट आपटण्यावरून मला ते कळलं. खरं तर करुणानं नुसतं "उघडून दे" म्हणायचं होतं. तिनं ते वाक्य अनेकदा जुळवलं, माझ्यासमोर उभं राहून पुटपुटलं. पण दीपमाला विचारणार, तुला का नाय उघडत? आणि उत्तर एसटीच्या आधी सिल्लोडला पोचणार.

एका रविवारी दारावर थाप पडली. करुणा दचकली, आणि या वेळी दचकणं बरोबर ठरलं. दारात केसरबाई. हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि डब्यात शेंगदाण्याची चटणी.

"जय भीम, मावशी," दीपमालानं पाणी दिलं.

"जय भीम, बाळा." केसरबाई पाणी पिता पिता थांबल्या. त्यांना मी दिसले होते. काठोकाठ, जशी पाठवली तशी.

"लोणचं खाल्लं नाय?"

करुणाचा रंग उतरला. उजवा हात तिनं हळूच ओढणीखाली घेतला. त्या दिवशी मनगट फुगलेलं होतं. मग ती घाईघाईनं म्हणाली, "आई, तूच म्हणाली होतीस ना. आमवात. आंब्यानं होतो. म्हणून मी आंबा बंदच केलाय. लोणचंसुद्धा."

केसरबाईंनी पेला खाली ठेवला.

"व्हय?"

"हो. तुझंच बरोबर होतं."

हे वाक्य करुणानं बोलायला नको होतं. केसरबाई उठून ओट्यापाशी आल्या.

"माझं बरोबर व्हतं, असं तू जन्मात पहिल्यांदा म्हनलीस," त्या म्हणाल्या. "आता खरं काय ते सांग."

करुणानं हात ओढणीत आणखी आत ओढला. केसरबाईंनी मला उचललं. झाकणावरचा पोचा बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. आट्यात अडकलेले ओढणीचे हिरवे धागे एकेक करून ओढून काढले. मग स्वतः झाकण पिळलं. त्यांच्यानंही हललं नाही.

"कुणी लावलं हे झाकण?"

"बाबांनी," करुणा म्हणाली. आवाज माझ्यासारखाच आला, कोंडलेला.

"त्येला म्हनलं व्हतं लोणचं हाय, कापसाची गाठ न्हाय."

त्यांनी चमच्याचं टोक झाकणाच्या कडेखाली घातलं आणि जरासं उचकटलं. टक् झालं. इतक्या महिन्यांनी माझ्यात हवा शिरली. खोलीभर मेथी-मोहरीचा वास गेला. दीपमाला दारातच उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे मुरलेलं व्हतं तर." आणि मग तिला काय कळायचं ते कळलं असावं. ताट घेऊन आली, ते आपटलं नाही.

जेवण झालं. केसरबाई म्हणाल्या, "तुझी मोठी पिशवी कुठाय?"

करुणा पलंगाच्या कडेला बसली. या प्रश्नाची ती इथं राहायला आल्यापासून वाट बघत होती. पिशवी, मग कपडे, मग दुपारची एसटी. "आई, मी कामाला एकही खाडा केलेला नाही," ती म्हणाली. "गोळ्या चालू आहेत. काही दिवस वाईट असतात, काही बरे. वाईट दिवशीसुद्धा मी गेले. साहेबांनी अजून ठरवलेलं नाही, पण..."

"पिशवी दे म्हनलं."

तिनं दिली. केसरबाईंनी त्यात आपला रिकामा डबा टाकला आणि डब्यावर माझं झाकण टाकलं.

मग आपल्या पिशवीतल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा काढला, माझ्या तोंडावर ठेवला आणि सुतळी गुंडाळून सुरगाठ मारली. "हे एक टोक लांब सोडलंय," त्या म्हणाल्या. "बोटं नाय चालली तर दातानं वढायचं. बांधून दीपमाला दील. देशील ना गं?"

"देते की, मावशी."

"आन् गच्च बांधू नको. तुझा हात मला म्हाईत नाय, पर नळाकडं बघून समजतंय."

करुणाची मोठी पिशवी खांद्याला लावून, दारात चपला घालताना त्या तिला म्हणाल्या, "झाकण नेते. तुझ्या बापाला दाखवायचंय." घरी चल, असं त्या म्हणाल्या नाहीत. करुणा बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत येऊन, बरा दिवस नसताना, तिनं सुतळीचं टोक दातात धरून ओढलं. गाठ सुटली. तिनं ती दीपमालाकडून पुन्हा बांधून घेतली आणि पुन्हा ओढली.

सर्जेरावांचा फोन पुढच्या आठवड्यात आला.

"तुझ्या मायनं झाकण आनून माझ्यापुढं ठिवलं," ते म्हणाले. "बोलली कायबी नाय. ती बोलत नाय तवा लई वंगाळ." मग फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर आली. "आता मी समदं ढिलंच लावतो, करुणे. काल तेलाचा डबा कलंडला."

"मग?"

"मग काय? पुसलं."

तर अशी माझी हकिगत. करुणाचा आजार आहे तिथंच आहे. दुखणं येतं, ओसरतं, सांगून येत नाही. कंपनीनं तिला अजून कायम केलेलं नाही आणि काढलेलंही नाही. थकून आली की ती अजून चपलांसकट आडवी होते, पण आता दीपमाला चपला काढते आणि पळायला चल म्हणत नाही. काही सकाळी करुणा माझ्याकडं बघते आणि सुतळीला हात लावत नाही. लोणच्याशिवाय जेवते. तेही चालतं.

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात बरण्या असतील, डबे, नळ, कड्या असतील. लावताना शेवटचा अर्धा आटा सोडा. लोणच्याला काही होत नाही. मी स्वतः बघितलंय. उघडायला येणारा हात कसा असेल, हे लावताना कळत नाही, आणि तो तुम्हाला सांगेलच असंही नाही. तो म्हणेल, अजून मुरायचंय.

माझ्यात आता तळाच्या फोडी उरल्यात. झाकण सिल्लोडलाच आहे. परत पाठवू का, असं केसरबाईंनी एकदा विचारलं होतं. करुणा म्हणाली, राहू दे.