उंबरठ्यापाशी दोन कोलम

मधुवंतीने गुडघे टेकले आणि उंबरठ्यासमोर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कोलमचा, म्हणजे तमिळ रांगोळीचा, सुटू पाहणारा कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. वीतभर पलीकडे आया अलमेलूने, रोजच्याप्रमाणे, तांदळाच्या पिठाचे दुसरे कोलम घातले होते.

चेन्नईतल्या मैलापूरच्या या बालवाडीत निसर्ग आणण्याचे काम पुण्याहून आलेल्या सजावटकार मधुवंतीकडे होते. स्वतःच्या नावावर घेतलेले पहिलेच. भिंतींवर पारंब्या छापल्या होत्या, छताला कापडी ढग टांगले होते. गालिचा हिरवळीसारखा दिसे, आणि तसे दिसण्यासाठी त्याला ऊन, पाणी, माती यांपैकी कशाचीही गरज नव्हती. निसर्ग आत येण्यापूर्वी खोलीत दोनदा कीटकनाशक फवारले होते. माहितीपत्रकात हे अभिमानाने नोंदवलेले होते. दहाला संस्थेचे चिटणीस श्रीवत्स पालकांना घेऊन येणार होते. त्यांच्या पसंतीस उतरले, तर उरलेल्या चार शाखांचे कामही तिलाच मिळणार होते.

पावणेदहा झाले तरी वर्ग रिकामाच होता. बाराही मुले पिठाच्या कोलमभोवती उकिडवी बसली होती.

“अलमेलूअम्मा, हे पुसा ना. मुंग्या आल्यात.”

“येणारच,” अलमेलू आपल्या तंजावरी मराठीत म्हणाली. “त्यांच्यासाठीच घालतें.”

“पण मी एक लावलंय. वर्षभर टिकेल ते.”

“टिकेल. खाईल कोण?”

“सर येताहेत, अम्मा.”

“पुसतें. मुंग्यांस तेवढं तुम्ही सांगा.”

मधुवंतीने स्वतःच ओले फडके उचलले. ती वाकली, तोच चार वर्षांच्या नित्याने वर न पाहता तिचे मनगट धरले.

“एरुंबु,” नित्या कुजबुजली आणि बोट दाखवले.

एक मुंगी आपल्याहून मोठा कण ओढत प्लास्टिकच्या कोलमपर्यंत पोचली होती. कडेशी थांबली, मिशा हलवल्या, कण खाली ठेवला, पुन्हा उचलला. बारा माना एकदम कलल्या. मुंगीने त्या सुबक, स्वच्छ, धुता येण्याजोग्या नक्षीला वळसा घातला.

फडक्यातून थेंब टपकला. मधुवंतीने ते पाठीमागे धरले आणि हळूच मांडी घातली. मुंगी भिंतीच्या फटीत दिसेनाशी झाली, तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. सगळे दुसरीकडे पाहू लागले, कारण दुसरी निघाली होती.

फाटकाची कडी वाजली. श्रीवत्स पुढे, मागे आठ-दहा पालक, फोन हातात तयार.

“काय हे, मधुवंती? मुलं बाहेर?”

ती उठली नाही. एक हात तिने जमिनीलगत आडवा धरला होता.

“सर, मागच्या दारानं या,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “इथे वर्ग चालू आहे.”

श्रीवत्सांनी घड्याळ पाहिले, मग खाली पाहिले. पालकांची रांग अंगणाला वळसा घालून निघाली. ते मात्र एक पाय उचललेलाच ठेवून, तो कुठे टेकावा याचा विचार करत उभे राहिले.