मोठ्या वाशेकचा कोट

सेंट व्हित कॉलेजच्या फुटबॉलचा मुख्य कोच व्हायचं तर आधी कोट अंगाला यावा लागतो. हे कुठे लिहिलेलं नाही. पण नेब्रास्काच्या या सपाट मुलखात जे लिहिलेलं नसतं तेच लोक जास्त पाळतात.

काळा लोकरी कोट, घोट्यापर्यंत लांब, मेंढीच्या कातड्याची कॉलर. पहिल्या कोचचा. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला नवा कोच तो घालून फाटकातून आत येतो, मैदानाच्या मध्यापर्यंत चालतो, तिथे काढतो आणि खेळाडूंच्या बाकावर ठेवतो. सप्टेंबरचं ऊन असतं, मका वाळत असतो, माणूस घामाने निथळतो. तरी घालायचा. गाव उभं राहतं, टोप्या काढतं. कोच येतात नि जातात, टोप्या कोटासाठी निघतात.

तो पहिला कोच माझा बाप, वात्स्लाव कुबिचेक. गावाचा मोठा वाशेक. मी चार वर्षांची असताना छातीत थंडी भरून गेला. मला तो आठवतो तो खालून. मला आपल्या बुटांवर उभी करायचा, वरून कोटाची बटणं लावायचा आणि तसाच मैदानावर चालायला लागायचा. आत अंधार, ओल्या लोकरीचा नि आलुबुखाराच्या मुरंब्याचा वास. दोन बटणांच्या फटीतून आधी गवत दिसायचं, मग पोरांचे चिखलाचे गुडघे, मग तो लंबुळका चेंडू हवेत. मान वर केली की बापाची हनुवटी, तिच्यावर थेट आभाळ. एवढा उंच.

मी तिसरीच्या पुढे शाळा बघितली नाही. पण मोठ्या वाशेकची मुलगी म्हणून या गावात मला पहिल्या रांगेतली जागा आहे, तिकीट कोणी मागत नाही, आणि मी बोलायला लागले की फादरसुद्धा थांबतात. सगळं गाव मला बाबी म्हणतं, आपली आजी म्हणावं तसं. माझी सगळी मिळकत म्हणजे बापाची उंची.

कोट बेतायचं काम आधी आईचं, मग माझं. नवा कोच आला की बाही सोडायची, कंबर घ्यायची. खरं सांगायचं तर माणूस कोटाला बेतायची वेळ जास्त आली. नेमणूक करणारी मंडळी खांदे बघून कोच निवडायची. एकदा एक अरुंद खांद्यांचा मास्तर आला होता, डोक्याने तल्लख. "कोट लोंबेल हो," म्हणून त्याला परत पाठवला. तो शेजारच्या कॉलेजात गेला आणि वर्षानुवर्षं आम्हाला झोडपत राहिला. आम्ही हरत होतो, पण आमचा कोट अंगावर बसत होता.

या वर्षी ऑगस्टात फादर सिरिल माझ्या दारात आले. कॉलेज तेच चालवतात.

"बाबी, नवा कोच आणलाय."

मी त्यांच्या मागे बघितलं. "कुठाय? गाडीत बसलाय का?"

फादर खोकले. त्यांच्या झग्याआडून एक पोरगा पुढे आला. सावळा, किडकिडीत, हातात टोपी.

"अरे देवा! फादर, हा कोच आहे की शिट्टी?"

पोरगा हसला. चिडला असता तर मी दार लावलं असतं. हसला, म्हणून खसखशीच्या सारणाचे दोन कोलाचे, आमचे गोड पाव, त्याच्या हातावर ठेवले. नाव रुबेन एस्पारझा. बाप नदीपलीकडच्या गावात मांसाच्या कारखान्यात. शिकला, खेळला, लहान शाळांतून पोरं तयार केली. फादरांनी नेमणूक मंडळाशी भांडून आणला होता.

कोट चढवला. बोटंसुद्धा दिसेनात. वाटावं, कोट आपला आपण उभा आहे आणि वर कोणीतरी डोकं विसरून गेलंय.

"चाल जरा."

तो चालला. कोट त्याच्या मागून, जरा उशिराने आला.

"बाबी, मी हा नाहीच घातला तर?"

"तर म्हणतील, घाबरला."

"आणि असाच घातला तर?"

"हसतील."

"म्हणजे दोन्हीकडून मेलो."

"मेलास तरी कोट कामी येईल. तुझ्यासारखे दोन पुरता येतील."

फादर सिरिल भिंतीकडे बघत राहिले. रुबेनने कोट हळूच काढला, कडेने घडी घातली. "पहिल्याच दिवशी गाव हसलं तर पोरं माझं ऐकणार नाहीत," तो म्हणाला. "मग मंडळ म्हणेल, सांगितलं होतं ना. मी परत कारखान्यात, बापाच्या शेजारी सुरी घेऊन. मला हा खेळ येतो, बाबी. दुसरं काही येत नाही."

"मोठ्या वाशेकचा कोट आहे. बघते काय होतं ते," मी म्हणाले. मनात म्हटलं, होणार नाही. हत्तीची झूल कोकराला कशी बसवायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीशी बसले. बाहेर वारा नव्हता, तरी रुईसारख्या झाडांच्या म्हाताऱ्या सुटल्या होत्या, आत यायच्या, टेबलावर टेकायच्या, पुन्हा उठायच्या. मी कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं आणि उसवायला लागले.

सगळ्यात वर लॉनी व्हान्स. मागच्या हंगामापर्यंतचा. मुका म्हणावा इतका गप्प माणूस. एके दिवशी बँडच्या मास्तरीणबाईंबरोबर निघून गेला, कोट कुंपणावर टाकून. त्याची कमरेची शिवण सुटली तशी तो समोरच्या खुर्चीत येऊन बसला. बोलला नाहीच.

त्याखाली डेलमार प्रुशा. हा सगळ्यांत जास्त टिकला. वर्षाला एक पट्टी वाढवली मी त्याच्या पोटापायी, आणि प्रत्येक पट्टीत पेपरमिंटचा वास. "बाबी, काही शिजलंय का?" म्हणत तो चुलीकडे वळला. "मेल्यावरही खायचंच का रे?" म्हटलं. "बदकाचा वास येतोय," म्हणाला. खरंच बदक भाजत होतं.

मग हॅस्केल बून. ताडासारखा. बाह्यांना जोड दिलेले. हरला की रडायचा, जिंकला की जास्त रडायचा. बाहीच्या उलट्या बाजूवर अजून मिठाचे पांढरे डाग. तो दाराच्या चौकटीत वाकून उभा राहिला.

ऊन टेबलावरून सरकत होतं. एकेक जोड सुटून बाजूला पडत होता आणि माझं स्वयंपाकघर कोच लोकांनी भरत होतं. मला नवल वाटलं नाही. इतकी वर्षं ते माझ्याच कपाटात राहत होते.

शेवटी उरला दुसरा कोच, ऑटो लिंडनर. त्याच्यासाठी आईनेच कोट बेतला होता, बाप गेला त्याच हिवाळ्यात. काखेत दोन रुंद कळ्या, जादा कापडाचे तिकोनी तुकडे, पाठीत उभी पट्टी. तिथवर मी कधी गेले नव्हते. आईने शिवणकाम सोडताना एवढंच सांगितलं होतं, "बाही उसव, कंबर उसव. या कळ्यांना हात लावायचा नाही. तिथे तुझा बाप आहे."

आई डावखुरी होती. तिचा टाका उलटा झुकायचा. मी बराच वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवत बसले. मग उसवले.

दोन्ही कळ्या सुटल्या. पाठीची पट्टी सुटली. खालचा जोड सुटला. त्याच थानाचं कापड, जोड कुणाला कळू नये असं बसवलेलं. आणि माझ्या हातात राहिला तो एक छोटासा कोट.

मी तो उचलून उजेडात धरला. आईची पहिली शिवण, पहिला बेत, कुठे जोड नाही. चौदा वर्षांच्या पोराला यावा एवढा.

"एवढा?" मी म्हणाले.

ऑटो लिंडनर चुलीशी उभा होता, कसायासारखे खांदे पाडून. तो माझ्या बापाच्या हाताखाली खेळलेला. "पोरी, मोठा वाशेक ते आम्ही थट्टेने म्हणायचो," तो म्हणाला. "बुटका होता म्हणून. पण आम्हाला ओरडायचा तेव्हा आम्ही खाली बघायचो. खाली बघत बघत विसरलो."

भिंतीवर बापाचा एकच फोटो. पोरांच्या रांगेमागे तो, सगळ्यांच्या वर मान. मी उठून तो काढला, खिडकीशी नेला. पोरांच्या पायांच्या मधून काहीतरी चौकोनी दिसत होतं. आजवर मी त्याला बाक समजत आले. सफरचंदाचं खोकं होतं. माझा बाप खोक्यावर उभा होता.

मी खाली बसले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. बदक करपत होतं.

आता काय? सगळे तुकडे टेबलावर होते. संध्याकाळपर्यंत पुन्हा शिवून टाकता आले असते. फादरांना सांगायचं, जमत नाही, माझा बाप फार मोठा होता, दुसरा माणूस बघा. कोणाला कळणार होतं? पोरगा जाईल, बाप राहील. मला गप्प बसता येत नाही असं लोक म्हणतात. येतं. आजवर गरज पडली नव्हती.

सुईत दोरा ओवला. लिंडनरची कळी उचलून काखेला लावली. दोन टाके घातले असतील, तेवढ्यात जाळीचं दार वाजलं.

रुबेन होता. टोपी पुन्हा हातात.

"बाबी, राहू द्या कोटाचं. न्हाव्याच्या दुकानात पैजा लागल्यात, कोट किती जमिनीवर घासेल म्हणून. मी उद्या फादरांना सांगतो, जातो म्हणून."

"पैज किती लावलीस तू?"

"मी?"

"तुझ्याच अंगावरचा कोट, तुला नको का फायदा व्हायला?"

तो हसला, पण डोळे पाण्याने भरलेले. दारातच उभा होता. त्याच्या मागून ऊन येत होतं आणि तो होता त्याहून लहान दिसत होता. मला वाटलं, असाच कधीतरी माझा बाप या गावात कोणाच्या तरी दारात टोपी घेऊन उभा राहिला असेल. आणि त्याला कोणी आत घेतलं असेल.

मी दातांनी दोरा तोडला. दोन टाके उसवले.

"इकडे ये. हात वर कर."

छोटा कोट चढवला. पाठीत अडला. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या.

"श्वास घे."

"घेता येत नाही."

"कसा येईल? तुझे खांदे माझ्या बापापेक्षा रुंद आहेत, गाढवा."

तो गोंधळला. "पण मोठा वाशेक तर…"

"एवढा होता," मी म्हणाले. पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं आणि छत काही कोसळलं नाही. "एवढाच. तू त्याच्यापुढे दांडगा आहेस. आता हलू नकोस, मला तुझ्यासाठी कोट वाढवायचाय."

पाठीत आईच्याच पट्टीतला बोटभर तुकडा जोडला. बाह्यांच्या शिवणीत आईने आत दुमडून माया सोडली होती, ती पुरली.

सामन्याच्या दिवशी आभाळ दुधाळ होतं. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बोझेना, साठ वर्षांपासूनची शेजारीण नि साठ वर्षांपासूनची वैरीण. फाटक उघडलं. रुबेन आत आला.

कोट त्याच्या अंगावर नीट बसला होता, हेच लोकांना खुपलं. टोप्या निघता निघता थांबल्या. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"व्लास्ता," बोझेना माझं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कोट गरम पाण्यात घातलास काय गं? आटला की!"

हशा पिकला. वरच्या पायऱ्यांपर्यंत गेला. मैदानाच्या कडेला उभी असलेली पोरंही एकमेकांकडे बघायला लागली. रुबेन चालत होता, पण पाय जड झाले होते, मला दिसत होतं.

मी उभी राहिले.

"आटला नाही!" मी ओरडले. माझा आवाज धान्याच्या कोठारापर्यंत जातो, सगळ्यांना माहीत आहे. "माझ्या आईने पहिल्यांदा शिवला तेवढाच आहे, फार तर बोटभर जास्त! सगळे जोड मी काढले. माझा बाप एवढाच होता! खोक्यावर उभा राहून फोटो काढायचा आणि तुमच्या आजोबांना चिखलात लोळवायचा. हे पोरगं त्याच्यापेक्षा दोन बोटं मोठंच आहे. बोझेना, तुझा बाप त्याला घाबरून कोंबड्यांच्या खुराड्यात लपला होता, तो केवढा होता गं?"

हशा विरला. झाडाची एक म्हातारी हवेतून तरंगत मैदानावर गेली.

मग बोझेना उठली. गुडघे धरून, कुरकुरत. "सहा फूट," ती म्हणाली. "खुराडं मोडलं होतं." आणि डोक्याचा रुमाल सोडला. तिच्याकडे बघून टोप्या निघाल्या.

रुबेनने मध्यावर पोचून हात वर केला, तशी पाठीत टर्रकन शिवण गेली. पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आली. कोट बाकावर ठेवायचा, पण तो कठड्याशी माझ्याकडेच घेऊन आला.

"बाबी, उसवला."

"श्वास घेतलास वाटतं."

"हो."

"जा. पोरं थांबलीत."

सामन्याचं विचाराल तर हरलो. पोरं मात्र शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत होती, मान खाली करून. तो बोलत होता आणि ती खाली वाकून ऐकत होती.

मी कोट मांडीवर घेतला होता. उन्हाने तापला होता, आतून ओला. कॉलर माझ्या दंडाला टेकली, बाह्या दोन्हीकडून गुडघ्यांवर लोंबल्या. फार वजन नव्हतं. वाऱ्याची झुळूक आली तशी मी माझी शाल सोडली, त्याच्यावर घातली आणि वरून हात ठेवून बसले.