डिस्क बंद केलीस का?

घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. चालू वस्तू उघडायची आणि उघडलेली तशीच सोडायची, हा त्याचा लौकिक! तरी आत्याच्या लग्नाच्या वाढदिवसाची जुनी टेप डीव्हीडीवर उतरवायचं काम त्यानं अंगावर घेतलं, कारण गोष्ट निकडीची होती. आत्या विसरत चालली होती. वृद्धाश्रमातल्या खोलीत समोर टांगलेला आतोबांचा फोटोही तिला परका वाटू लागला होता. हलते-बोलते आतोबा पाहिले तर ओळखेल, एवढीच आशा उरली होती.

घरच्या ज्या डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवली, त्यावर डिस्क झकास चालली. आत्याच्या खोलीतल्या प्लेअरवर मात्र ‘नो डिस्क’. खटपट्या उडालाच. नो डिस्क? मग आत काय बशी घातलीय? त्यानं डिस्क पुसली, फुंकली, उलटीसुद्धा घालून पाहिली. शेजारच्या खोलीतल्या प्लेअरवर नेली. तिथंही ढिम्म!

शेवटी त्यानं परगावी आतेबहिणीला फोन लावला. लग्नाचे व्हिडिओ करून देणं हाच तिचा धंदा.

“डिस्क बंद केली होतीस ना रे?”

“म्हणजे काय! बंद करूनच उठलो. मेन स्विचसुद्धा बंद केला.”

ती हसली. “मग डिस्कच खराब असेल. टेप आहे ना? रविवारी येते, दुसरी करू.”

“ये, ये,” म्हणत खटपट्यानं टेपचा विषयच टाळला. त्यानं फोन ठेवून दिला.

रविवारी तिनं दारातच विचारलं, “टेप कुठंय?”

“भंगारात दिली. म्हटलं डिस्क झालीये, उगाच अडगळ...”

“माझ्या बाबांना भंगारात घातलंस तू?” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तरातरा आत गेली, तिनं डिस्क रेकॉर्डरमध्ये घातली आणि पडद्यावरचा मेनू वाचता वाचता ओरडली, “अरे गाढवा, ही बंद कुठाय?”

“मशीन बंद केलं होतं की!”

“मशीन नाही रे, डिस्क! लिहून झालं की शेवटी तिला सांगावं लागतं, आता पुरे, यापुढं लिहायचं नाही. त्याशिवाय दुसरा प्लेअर तिला वाचत नाही. त्यालाच बंद करणं म्हणतात.”

“तुमच्यात म्हणत असतील! मला काय स्वप्न पडलं होतं?”

तिनं बटण दाबलं. वीज जाऊ नये म्हणून दोघं जीव मुठीत धरून बसले. काम झालं तसे तडक वृद्धाश्रमात गेले.

या वेळी प्लेअरनं डिस्क निमूट घेतली. पडद्यावर बाह्या सरसावलेले आतोबा आले आणि खो-खो हसले. आत्या ताडकन सरळ बसली.

“अगबाई, हे!”

आतेबहिणीला रडूच फुटलं. खटपट्याला वाटलं, जिंकलं! तेवढ्यात कॅमेरा जरा बाजूला सरकला आणि आत्याचा चेहरा उतरला.

“ही कोण गं?”

“कोण, आई?”

“ह्यांच्या खांद्यावर हात टाकून बसलीये ती भवानी.”

दोघंही हबकले. आतोबांना टेकून, मान मागं टाकून हसत होती ती आत्याच होती, ऐन तारुण्यातली.

“आई, अगं, ती तूच!”

“काहीतरीच सांगू नकोस. मी ही इथं बसलीये की!” आत्याचे डोळे भरून आले. “बघ, माझ्यादेखत कसे हसतायत तिच्याशी.”