चढावरची चार मिनिटं

गॅरेजमध्ये मास्तरांनी गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा नवरा म्हणाला की क्लच त्यानेच घासलाय. कबुली देत होता की मिरवत होता, सांगणं अवघड. महिन्यातून एकदा रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर तो ही स्पोर्ट्स कार पळवतो. त्यामुळे दोष आपलाच, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी बाळाला कडेवर घेऊन शेजारी उभी होते. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

मास्तर पूर्वी तंत्रशाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांची एक पद्धत आहे. उघडलेला प्रत्येक भाग ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडतात आणि गिऱ्हाइकाने तो नीट बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवत नाहीत. नवऱ्याला ही पद्धत फार आवडते. मला त्या सकाळी त्या वर्तमानपत्राकडे बघवत नव्हतं.

कारण क्लच मी जाळला होता.

तीन आठवड्यांपूर्वी नवरा कामासाठी परगावी होता. भर दुपारी बाळाचा ताप चढत चढत एकशे चारवर गेला आणि त्याचे डोळे वर जायला लागले. टॅक्सी मिळेना. गुडघ्यांमुळे सासूबाईंना जिना उतरवेना. मी मागच्या नावापुरत्या सीटवर त्याची खुर्ची पट्ट्याने बांधली आणि ही गाडी काढली. दवाखाना गाठला, ताप उतरला. घरी एवढंच माहीत होतं, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नाही.

फक्त मी हँडब्रेक पूर्ण सोडलाच नव्हता. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा तपासणारी बाई मी, पण समोर पेटलेला लाल दिवा मला दिसला नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर इंजिन नुसतं कोकलत राहिलं. गाडी आधी मुंगीसारखी सरकली आणि मग सरकेचना. जळका वास आला. मला वाटलं आता आग लागणार. मी इंजिन बंद केलं, गाडी गिअरमध्येच सोडली आणि बाळाला उचलून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. शेवटी एक भाजीवाला आला, खिडकीतून हात घालून त्याने हँडब्रेक खाली केला आणि आपल्या गाड्याकडे निघून गेला. गाडीतल्या घड्याळात चार मिनिटं गेली होती. त्या चार मिनिटांत बाळाने एकदाही डोळे उघडले नव्हते.

तेव्हापासून नवरा मित्रांना सांगत फिरत होता की आमच्या घरातला खरा ड्रायव्हर ही आहे. मला तोंडावर घाबरट म्हणणाऱ्या सासूबाईंनी मी केलेलं बाळाचं दूध गरम तर नाही ना म्हणून पुन्हा मनगटावर टाकून बघणं बंद केलं होतं. परवा तर त्या बाळाला माझ्यावर सोडून दोन दिवस बहिणीकडे जायचं म्हणाल्या. लग्नानंतर चार वर्षांनी मी पहिल्यांदा या घरात भरवशाची ठरले होते.

जुनं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या पाठीला बसणारं लोखंडी चाक, निळं पडलं होतं आणि त्यावर केसासारख्या चिरा होत्या. तेही बदलावं लागणार होतं. मास्तरांनी बाकावर दोन नवी चाकं ठेवली, एक जड आणि एक हलकं. बाळाला नवऱ्याकडे देऊन मी दोन्ही उचलून पाहिली. जड चाक भरलं आजच्या बाळाएवढं. हलकं होतं तो तीन महिन्यांचा असताना होता तेवढं. किलो-ग्रॅम मला विचारू नका, पण हाताला ते बरोबर कळतं.

मास्तरांनी समजावलं. जड चाक इंजिनाची फिरकी धरून ठेवतं, पाय थोडा चुकला तर सांभाळून घेतं. हलक्यावर गाडी उसळते, पळवायला मजा येते. पण चढावर पाय जरा चुकला की इंजिन बंद पडतं. नवऱ्याने लगेच हलक्यावर बोट ठेवलं. आणि बाईंचं काय, असं मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, "हिचा पाय माझ्यापेक्षा पक्का आहे, मास्तर. हिची काळजी नको."

मास्तर गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून बराच वेळ आत बघत राहिले. उठले ते फडक्याला हात पुसत.

"साहेब, ट्रॅकवर क्लचची प्लेट हळूहळू झिजते. ही एका बैठकीत जळलीय. आणि मागच्या चाकातला हँडब्रेकही तसाच जळलाय."

नवरा म्हणाला, हॉटेलच्या पार्किंगवाल्याचं काम असेल, मध्यंतरी त्याला किल्ली दिली होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. मास्तरही नाही, ते मुद्दाम बघत नव्हते हे मला समजलं. कशी जळली ते कळलं तर कुठलं चाक योग्य ते सांगता येईल, नाहीतर साहेब म्हणतील ते बसवतो, एवढं म्हणून ते पाना शोधायला लागले.

गप्प बसणं सोपं होतं. पार्किंगवाला कुठे येऊन विचारणार होता? पण हलकं चाक बसलं असतं, मग कधीतरी पुन्हा ताप आला असता, आणि तो चढ काही हलणार नव्हता.

"मी जाळली," मी म्हटलं. "दवाखान्यात जाताना. हँडब्रेक ओढलेला होता."

मग सगळं सांगितलं, भाजीवाल्यासकट. नवरा बाळाला थोपटत होता, त्याचा हात थांबला.

"आणि मी गावभर सांगत सुटलो. मला थांबवलं का नाहीस?"

"छान वाटत होतं."

तो यावर रागावेल असं मला वाटलं होतं. त्याने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. मग विचारलं, किती वेळ. मी चार मिनिटं म्हटलं. त्या चार मिनिटांनी काही झालं असेल का हे मी डॉक्टरांना आडून आडून दोनदा विचारलं होतं, तेही सांगितलं. काही झालेलं नाही, असं ते म्हणाले होते.

"आईला मी सांगणार नाही," तो म्हणाला.

"मी सांगेन. त्या बहिणीकडे जायच्या आधी."

मास्तरांनी हलकं चाक कुणाला न विचारता खोक्यात भरलं.

तिसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो तेव्हा नवऱ्याने किल्ली माझ्या हातात दिली. सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. त्या फक्त हं म्हणाल्या, आणि संध्याकाळी दुधाचा थेंब त्यांच्या मनगटावर पडला. मी टाकीजवळचाच रस्ता धरला. चढाच्या मधोमध गाडी मुद्दाम थांबवली आणि पुन्हा काढली. वीतभर मागे आली, मग त्या जड चाकाने धरलं आणि ती शांतपणे वर चढली. बाळ मागे स्वतःशीच बडबडत होतं. नवरा शाब्बास म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा हात आमच्या दोघांमधून खाली गेला आणि त्याने हँडब्रेक चाचपून पाहिला.

मी रस्त्यावरची नजर काढली नाही.