टोपीखालचा पंधरा

कल्पना करा हं, तुम्हाला गणिताचं पुस्तक संगणकावर लिहायचंय. दोनचा पाचवा घात हवा, तर आधी दोन लिहायचा, मग टोपीसारखं एक चिन्ह, मग पाच. छापताना तो पाच आपोआप लहान होऊन दोनच्या डोक्यावर जाऊन बसतो. टोपी म्हणजे हुकूम : पुढचं वर चढव. यंत्र हुकमाचं पक्कं, पण डोकं अजिबात चालवत नाही.

भिंगरीची आई घरी बसून हेच काम करायची. त्या आठवड्यात तिचं मनगट इतकं दुखत होतं की कप उचलवेना. म्हणून घातांकांचा धडा भिंगरीने हस्तलिखित बघून उतरवला. पहिली पानं झकास दिसली. आईने तेवढीच तपासली आणि डोळे मिटून पडली.

दुपारी ती शेवटचं पान बघायला उठली आणि तिने भिंगरीला हाक मारली.

"भिंगरे, दोनचा पंधरावा घात कसा लिहिलास?"

"दोन, टोपी, पंधरा."

"आणि महिरपी कंस?"

"ते कशाला?"

टोपी फक्त एकच अक्षर वर नेते. पंधरामधला एक वर गेला होता, पाच खाली ताटकळत उभा होता. पंधरा मिळून एकच संख्या आहे हे यंत्राला कळावं, म्हणून त्याला महिरपी कंसात घालावं लागतं. पहिल्या पानांवर सगळे घात एकआकडी, म्हणून तिथे काही बिघडलं नव्हतं.

"सगळे एकदम नाही का बदलता येणार?"

"'दोन, टोपी, न अधिक तीन' असं लिहिलंय, त्यातला तीन वर की खाली, ते यंत्राला कसं कळणार? हस्तलिखित बघूनच करायला हवं." आईने मनगट चोळलं. "जाऊ दे गं. असंच पाठवते. उशीर झाला तर पुढचं पुस्तक छापखानेवाले दुसऱ्याला देतील. समजून घेतील मुलं."

"मला तरी कुठे समजलं?" भिंगरी म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. छापखान्याचे काका होते. आईचा हात पोचायच्या आत भिंगरीने तो उचलला.

"काका, घातांकांचा धडा चुकलाय. मी चुकवलाय."

"वा! मग मी काय मशीनला पंख्याने वारा घालत बसू?"

"बाकीचे धडे आधी छापा ना. हा शेवटी घ्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आईसारखीच चिवट आहेस. संध्याकाळपर्यंत दे. त्यानंतर रडलीस तरी ऐकणार नाही."

भिंगरीने फोन ठेवला, हस्तलिखित आईच्या मांडीवर ठेवलं आणि उशी तिच्या पाठीशी सारली.

"तू फक्त वाच," ती म्हणाली. मग पहिला चुकलेला घात शोधून तिने कंस उघडला.